तिसऱ्या माणसाचा विमा

विम्याचा हप्ता भरणारा एक आणि भरपाई मिळणारा भलताच कोणी, असा व्यवहार म्हणजे दायित्व विमा. आयुर्विम्याचे पैसे घरच्यांना मिळतात, आरोग्यविम्यातून स्वतःच्याच दवाखान्याचे बिल भागते, पीकविम्याचे पैसे शेतकऱ्याच्याच हाती येतात. दायित्व विम्यात पैसे कोणाच्या हाती पडणार, हे हप्ता भरताना कोणालाच ठाऊक नसते. तो सायकलवरून कामावर निघालेला गवंडी असेल, रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलगी असेल किंवा सिग्नलला थांबलेला दुसरा दुचाकीस्वार असेल. विमा घेणारा आणि विमा कंपनी हे कराराचे दोन पक्ष. भरपाई घेणारा कराराबाहेरचा, म्हणून कायद्याच्या भाषेत 'तृतीय पक्ष'.

भारतात बहुतेकांचा या विम्याशी संबंध येतो तो वाहनामुळे. 'थर्ड पार्टी' हा शब्द पानटपरीपासून आरटीओपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. पण त्याचा रूढ अर्थ 'सगळ्यात स्वस्तातली पॉलिसी, पोलिसाने अडवले तर दाखवायला' असा होऊन बसला आहे. त्याच्या उलट 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' हे बोलण्यातले शब्द. पॉलिसीच्या कागदावर त्यांच्या जागी 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असे छापलेले असते, आणि स्वस्तातल्या पॉलिसीवर 'लायबिलिटी ओन्ली'. हा फरक नुसत्या नावांचा नाही. गाडीवर मागे बसलेल्या माणसाला भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या दोन शब्दांवर ठरते.

दायित्व आधी आणि विमा नंतर, हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे सोपे जाते. कंपनी तिसऱ्याला पैसे देते ते दया म्हणून नव्हे, आणि त्याचे नुकसान झाले एवढ्यावरूनही नव्हे. ते नुकसान भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी विमा घेणाऱ्यावर येते, तेव्हा कुठे कंपनीचे काम सुरू होते. म्हणून प्रश्न पहिला हाच: एकाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, तर पहिल्याने पैसे कधी मोजायचे?

नेहमीचे उत्तर आहे, निष्काळजीपणा झाला असेल तेव्हा. न्यायालय तीन गोष्टी पाहते. समोरच्याची काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, ते पाळण्यात कसूर झाली का, आणि नुकसान त्या कसुरीमुळेच झाले का. पहिल्या प्रश्नाचे आजचे रूप ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली ठरवले. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावातल्या एका कॅफेत जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे पिणाऱ्या बाईचा कोणाशीच करार नव्हता. तरीही, आपल्या कृतीची झळ ज्याला बसू शकते हे आधी कळायला हवे, त्याची काळजी घेणे उत्पादकावर बंधनकारक आहे, असा निकाल लागला. भारतातील न्यायालयांनीही हेच तत्त्व उचलले.

कसूर झाली की नाही, हे मात्र प्रत्येक प्रकरणात वेगळे पाहावे लागते. दिल्लीतल्या चांदणी चौकातला जुना घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्याच्या चुन्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. महापालिकेने त्याची नीट तपासणी केली नव्हती, म्हणून १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला जबाबदार धरले. याउलट १९९७ साली राजकोटच्या प्रकरणात रस्त्याकडेचे झाड पडून एकाचा जीव गेला, पण तिथे महापालिका सुटली. शहरातले प्रत्येक झाड रोज तपासत बसणे अशक्य, असा विचार त्यामागे होता. मनोरा पालिकेचा तसे झाडही पालिकेचेच. तरी पहिल्या प्रकरणात धोका दिसण्यासारखा होता आणि दुसऱ्यात नव्हता, हा भेद न्यायालयाने केला. पावसाळ्यात झाडाखाली गाडी लावणाऱ्याला तो पटेलच असे नाही.

माणूस जखमी झाला तर तो स्वतः दावा करू शकतो. पण तो मेला तर? जुन्या इंग्रजी कायद्यात दावा माणसाबरोबरच मरत असे. पाय मोडला तर भरपाई आणि जीव गेला तर काहीच नाही, असा तो उलटा न्याय होता. इंग्लंडने तो १८४६ साली बदलला, आणि भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. मोटार अपघातातल्या मृत्यूचे आजचे सगळे दावे याच हक्काचे वंशज आहेत.

हक्क मिळाला तरी पैसे कोठून येणार, हा प्रश्न उरतोच. न्यायालयाने लाखाचा हुकूमनामा केला आणि टेम्पोवाल्याकडे टेम्पोखेरीज काही नसले, तर त्या कागदाची किंमत शून्य. दायित्व विम्याचा जन्म या अडचणीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा पॉलिसी निघू लागल्या तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती. स्वतःच्या चुकीचा विमा उतरवता येऊ लागला तर माणूस बेफिकीर होईल, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण विमा नसलेला माणूस सावध होतो असेही नाही. तो फक्त भरपाई देऊ शकत नाही. रस्त्यावर मोटारी वाढल्या तसे सरकारांनी हा विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने केला. भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात त्याची तरतूद झाली आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. सध्याचा कायदा १९८८ चा, त्यात २०१९ साली मोठे बदल झाले.

या कायद्याच्या १४६ व्या कलमानुसार तृतीय पक्षाचा विमा नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही आणि दुसऱ्याला चालवू देताही येत नाही. पहिल्यांदा पकडले गेल्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. मुदतीत विमा न काढणाऱ्यांचा अनुभव पाहून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा एकदमच घ्यावा लागतो. दुचाकी शोरूममधून बाहेर पडते ती पाच वर्षांचा कागद घेऊन. सहाव्या वर्षी तो कागद कोठे आहे, हेही अनेकांना आठवत नाही. संसदेच्या स्थायी समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार देशातली निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात. त्याच देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली.

हप्ता किती? तो कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. २०२२ च्या अधिसूचनेतल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला, म्हणजे घरोघरी असते तसल्या गाडीला, वर्षाला ७१४ रुपये आणि वर कर. हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये. या पैशात कंपनी काय पत्करते, ते एका हिशेबावरून दिसेल.

समजा, ३४ वर्षांचा एक भाजीविक्रेता दुचाकीच्या धडकेत मरण पावला. महिन्याची कमाई १५,००० रुपये. घरी बायको, दोन मुले आणि आई. भरपाई ठरवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांतून बांधून दिलेली आहे. वर्षाची कमाई झाली १,८०,००० रुपये. तो जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसासाठी त्यात ४० टक्के मिळवायचे: २,५२,००० रुपये. त्यातले काही त्याने स्वतःवर खर्च केले असते. अवलंबून असलेली माणसे चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश वजा करायचे. उरले १,८९,००० रुपये. याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. रक्कम झाली ३०,२४,००० रुपये. शिवाय सहवास गमावल्याबद्दल पत्नी, मुले आणि आई यांना प्रत्येकी, तसेच अंत्यविधी आणि संपदेची हानी यांसाठी ठरावीक रकमा. २०१७ साली त्या ४०, १५ आणि १५ हजार अशा ठरल्या आणि दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ होते. आजच्या हिशेबाने या सगळ्याचे सव्वादोन लाखांच्या वर होतात. एकूण आकडा साडेबत्तीस लाखांच्या घरात जातो, आणि अर्ज केल्यापासूनचे व्याज निराळे.

वय २५ असते तर गुणक १८, आणि ६५ च्या पुढे तो फक्त ५. कोणाच्या जिवाचे मोल वयावर आणि पगारावर करावे, हे ऐकायला क्रूर वाटते. पण भरपाई जिवाची नसते, घरात येणारा पैसा बंद झाला त्याची असते. याच तर्काने एकेकाळी गृहिणीच्या मृत्यूला जवळपास किंमतच नव्हती. तिची 'कमाई' कोठे होती? न्यायालयांनी हा विचार गेल्या पंचवीसेक वर्षांत हळूहळू सोडला. स्वयंपाक, मुले, म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे यांचा पैशात हिशेब करून आता गृहिणीचेही काल्पनिक उत्पन्न धरले जाते. या सुधारणेला इतका उशीर का लागला, याचे समर्थन करता येण्याजोगे कारण सापडत नाही.

मृत्यू आणि शारीरिक इजा यांसाठी पॉलिसीवर कमाल रक्कम लिहिलेली नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील तेवढी रक्कम कंपनीला द्यावी लागते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे, मोटारीसाठी साधारण साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख रुपये.

आता या छत्रीखाली कोण येत नाही ते पाहू. गाडीचा मालक स्वतः तिसरा पक्ष नाही. तो करारातला माणूस आहे. तो स्वतःच्याच चुकीने घसरून पडला तर तृतीय पक्ष विम्यातून काही मिळत नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. मागे बसलेल्या माणसाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. 'लायबिलिटी ओन्ली' पॉलिसीत दुचाकीच्या मागच्या सीटवरचा किंवा खासगी मोटारीतला फुकट प्रवास करणारा माणूस येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली घेतली. पॅकेज पॉलिसीत तो येतो. म्हणजे मित्राला स्टेशनवर सोडायला निघालेल्या माणसाची पॉलिसी स्वस्तातली असेल, तर रस्त्यावरचा अनोळखी पादचारी सुरक्षित आणि पाठीमागचा मित्र उघडा. त्या मित्राने दावा केला, तर पैसे गाडीमालकाच्या खिशातून जातात.

विमा असूनही कंपनी हात वर करू शकते असे काही प्रसंग कायद्यातच लिहिले आहेत. चालकाकडे वैध लायसन्स नसणे, खासगी गाडी भाड्याने चालवणे, शर्यत लावणे, दारू पिऊन चालवणे, हप्त्याचा चेक न वटणे. पण इथे कायद्याने आणि न्यायालयांनी तिसऱ्या माणसाची बाजू सांभाळली. चालकाकडे लायसन्स नव्हते, यात मेलेल्या पादचाऱ्याचा काय दोष? म्हणून अशा प्रकरणांत पुष्कळदा 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश होतो. कंपनीने भरपाई कुटुंबाला द्यायची आणि नंतर ती आपल्याच विमाधारकाकडून वसूल करायची. लायसन्सबद्दल आणखी एक गोष्ट २००४ साली स्पष्ट झाली. ते नव्हते एवढे दाखवून कंपनीला भागत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणे गाडी अशाच्या हाती दिली, हे तिला सिद्ध करावे लागते.

वसुलीचा मार्ग साधासुधा नाही. कायद्याच्या १७४ व्या कलमानुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला देते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतसारा थकला की काय होते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. घर, जमीन, ट्रॅक्टर, सगळ्यावर जप्ती येऊ शकते. ज्यांचा विमाच नाही, त्यांच्यावर तर ही पाळी थेट येते.

मालक कोण, याचेही उत्तर लोक समजतात तसे नाही. गाडी चालवत होता भाचा, पण जबाबदार मामा. कारण गाडी मामाच्या नावावर आणि त्याच्या परवानगीने चाललेली. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार. आणि गाडी विकून टाकली पण आरसी बुकावर नाव तेच राहिले, तर? २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे निर्विवाद केले की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. जुनी स्कूटर गॅरेजवाल्याला रोखीत विकून, सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० त्याच्या हाती देऊन निर्धास्त होणारे हजारो लोक आहेत. ती स्कूटर पुढे चार हात फिरते, विमा संपतो, आणि एके दिवशी पहिल्या मालकाच्या दारात न्यायाधिकरणाची नोटीस येते. नाव बदलल्याची आरटीओची पावती हातात येईपर्यंत गाडी विकली गेली असे समजू नये.

मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांसाठी २०१९ मध्ये १९९-अ हे कलम आले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. यातले काहीही विम्यात बसत नाही. एकूणच शिक्षा आणि दंड यांचा विमा उतरवता येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली स्वतंत्र चालतो आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनी दिवाणी भरपाई देते. तुरुंगात जायचे ते चालकालाच.

अपघात झाल्यावर पहिल्या तासाभरात जे घडते, त्यावर पुढची वर्षे अवलंबून असतात. आपल्याकडे रस्त्यावर गर्दी जमते, कोणी पाणी आणते, आणि दहा मिनिटांत एखादा वडीलधारा म्हणतो, 'पोलीसबिलीस नको, आपसात मिटवा.' पाच हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि वहीच्या फाटक्या पानावर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून सही होते. दोन दिवसांनी एक्स-रेत खुब्याचे हाड मोडल्याचे दिसते. आता एफआयआर नाही, पंचनामा नाही, गाडीचा नंबर कोणीतरी सांगतो तो, आणि विरुद्ध बाजूकडे सही केलेला कागद. तो कागद धडक देणाऱ्यालाही तारत नाही. पॉलिसीची अट असते की कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशांचे वचनही द्यायचे नाही. अट मोडली की भांडण दोन आघाड्यांवर सुरू होते. जखमीला दवाखान्यात नेणे, पोलिसांना कळवणे, जागेचे फोटो काढणे आणि कंपनीला वर्दी देणे, एवढेच त्या वेळी दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थाला दिवाणी किंवा फौजदारी लचांड लागू नये, यासाठी मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आहे. उपचारांसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे, तीत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा खर्च निघतो.

२०२२ पासून पोलिसांनाही कालमर्यादा घालून दिल्या आहेत. प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो तिथे किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, यांपैकी कोठेही तो करता येतो. त्यामुळे पुण्याच्या रस्त्यावर मेलेल्या बीडच्या मजुराच्या बायकोला पुण्याचे हेलपाटे घालावे लागत नाहीत; ती बीडला दावा टाकू शकते. अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर वाट पाहणे बरे नव्हे. सगळ्यात अवघड जाते ते कमाईचा पुरावा देणे. पगारपत्रक असलेल्याचे काम सोपे. पण हातगाडीवाला, शेतमजूर, धुणीभांडी करणारी बाई यांच्याकडे काय असते? बचतगटाचे पासबुक, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, यूपीआयच्या नोंदी यांचाही अशा वेळी उपयोग होतो.

दोघांचीही चूक असेल तर न्यायाधिकरण तिचे टक्के ठरवते आणि जखमीच्या वाट्याची रक्कम कापते. बसमधल्या प्रवाशाला ही कात्री लागत नाही. दोन वाहनांच्या चुकीने तो जखमी झाला तर दोहोंपैकी कोणाकडूनही तो पूर्ण भरपाई मागू शकतो. चूक कोणाची या वादातच पडायचे नसेल तर १६४ व्या कलमाखाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५०,००० रुपये मिळतात. ही योजना असल्याचेच अनेक कुटुंबांना माहीत नसते.

रस्त्याबाहेरचे दायित्व वेगळ्या वळणाने वाढले. दुसऱ्याच्या खाणीत तळ्याचे पाणी शिरल्याच्या एका इंग्रज प्रकरणात १८६८ साली असे ठरले की धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याला चूक नसतानाही नुकसान भरावे लागेल, काही अपवाद सोडून. भोपाळनंतर भारताला हे अपवाद परवडणारे नव्हते. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे विषारी वायूने हजारो माणसे मेली, आणि पुढच्याच डिसेंबरात दिल्लीच्या एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, सरन्यायाधीश भगवतींच्या घटनापीठाने १९८६ साली सांगितले की घातक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असते. पुढे १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम आला आणि घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांना बाहेरच्या लोकांसाठी विमा सक्तीचा झाला. तत्त्व फार मोठे. मात्र मूळ अनुसूचीतली मृत्यूची मदत होती २५,००० रुपये. ती तातडीची मदत असल्याने मोठ्या भरपाईचा मार्ग तिने बंद होत नाही, पण आकडा लाजिरवाणा होता यात शंका नाही.

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे १९९५ साली ठरल्यापासून व्यावसायिक दायित्वाचा विमा त्यांच्या नेहमीच्या खर्चात आला. वास्तुविशारद आणि सनदी लेखापालही तो घेतात. त्यात एक खोच असते. वाहनविम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असली म्हणजे झाले. या विम्यात बहुधा दावा येतो त्या दिवशी ती चालू असावी लागते. आज केलेल्या शस्त्रक्रियेची तक्रार दोन वर्षांनी येऊ शकते. दवाखाना बंद केला म्हणून विमाही लगेच बंद करणारा डॉक्टर नेमका तेव्हा उघडा पडतो.

मंडप, गर्दी आणि विजेच्या माळा यांमुळे सार्वजनिक दायित्वाचा विमा आता गणेशोत्सवातही पोचला आहे. मुंबईतल्या किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा विमा दरवर्षी बातमीत असतो; २०२४ साली तो ४०० कोटींचा होता. त्यात मूर्तीवरच्या दागिन्यांची आणि सेवेकऱ्यांची रक्कम मोठी असली तरी भाविकांना होणाऱ्या इजेचाही भाग असतो. गल्लीतल्या मंडळांत ही जाण अजून यायची आहे. घरगुती दायित्वाची तर आपल्याकडे चर्चाच नसते. गॅलरीतली कुंडी खाली पडली, पाळलेला कुत्रा चावला, वरच्या नळाच्या पाण्याने खालच्याचे फर्निचर फुगले, तरी हे सगळे दायित्वच. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना तिथे पोचताच 'हाफ्टफ्लिख्ट' म्हणजे वैयक्तिक दायित्व विमा काढायचा सल्ला मिळतो, आणि भाड्याच्या घराच्या नुकसानीपासून दुसऱ्याच्या सायकलीपर्यंत सगळे त्यात धरलेले पाहून ती चकित होतात. आपल्याकडे गृहविम्यात असा भाग पुष्कळदा वेगळा मागून घ्यावा लागतो.

वाहनाच्या पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. सकाळी अकराला धडक झाली, धावपळ करून दुपारी चारला मोबाइलवरून पॉलिसी काढली, दोन्हींची तारीख एकच, असे दावे न्यायालयापर्यंत गेले आहेत. पॉलिसीवर वेळ लिहिलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. सकाळी अकराच्या धडकेची भरपाई मालकाला स्वतःच द्यावी लागते.